वाजवता येतं, लिहिता येत नाही: संगीत परीक्षांच्या अभ्यासक्रम समित्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रात आणि गोव्यात संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या सर्व संस्थांच्या अभ्यासक्रम समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २२ वर्षं पेटीचा आणि गायनाचा वर्ग चालवतो. दर सत्राला मुलांचे अर्ज भरतो, त्यांना केंद्रावर घेऊन जातो, निकालाच्या दिवशी त्यांच्याइतकाच अस्वस्थ असतो. आपल्या परीक्षांनी माझ्यासारख्या कितीतरी शिक्षकांना उभं केलं आहे, याची जाणीव ठेवून हे पत्र लिहितो आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. शाळा सातवीनंतर सुटली, वडिलांबरोबर सुतारकाम करतो. गावच्या भजनी मंडळात बाराव्या वर्षापासून पेटीवर बसतो. बुवांनी पहिला अभंग काळी एक या पट्टीत उचलला आणि पुढच्याला एकदम पांढरी चार ही पट्टी धरली, तरी याची बोटं गडबडत नाहीत. रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत चार-चार तास तो साथ करतो, आणि नवी चाल एकदा कानावरून गेली की दुसऱ्या कडव्याला त्याच्या हातात असते. गेल्या वर्षी मी त्याला परीक्षेला बसवलं. प्रात्यक्षिकात भीमपलास राग वाजवून घेतल्यावर परीक्षकांनी त्याच्या पाठीवर थाप दिली. लेखीत तो नापास झाला. बंदिश स्वरलिपीत, म्हणजे स्वर आणि मात्रा चिन्हांनी कागदावर मांडून, लिहा, दोन ताना तालात बसवून लिहा, अशा प्रश्नांपुढची पानं त्यानं कोरी सोडली होती.

निकालाचा कागद घेऊन तो वर्गात आला आणि म्हणाला, "सर, म्हणजे मला पेटी येते की नाही?"

त्या क्षणी मी त्याला "येते रे" एवढंच म्हणालो. पण प्रश्न माझ्याकडेच राहिला. ज्याला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नाही तो संगीतकार नाही का? आपल्या प्रमाणपत्राचं उत्तर आज "नाही" असं आहे. ते उत्तर चूक आहे असं मला वाटतं, आणि का वाटतं ते सविस्तर सांगायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी स्वरलिपीच्या विरोधात नाही. माझं स्वतःचं निम्मं शिक्षण क्रमिक पुस्तकांच्या पानांवर झालं. पंडित विष्णु नारायण भातखंडे व्यवसायानं वकील होते. त्यांनी देशभर फिरून उस्तादांकडून आणि गायकांकडून चिजा, म्हणजे बंदिशी, मिळवल्या, लिहून घेतल्या आणि सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत छापून सर्वांसमोर ठेवल्या. त्या काळात चीज ही घराण्याची ठेव होती. आपल्या मुलाला एक अंतरा सांगायचा आणि शिष्याला दुसरा, असं चालायचं. गाणारा गेला की त्याच्याबरोबर कितीतरी चिजा जायच्या. पंडितजींनी ते थांबवलं. त्यांच्यामुळे आडगावातल्या माझ्यासारख्याला ग्वाल्हेरची बंदिश पाहायला तरी मिळाली. हे ऋण मोठं आहे.

दुसरे विष्णू म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडचा हा मुलगा लहानपणी फटाक्यांच्या अपघातात नजर अधू करून बसला आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेला. तिथलं सगळं शिक्षण समोर बसून, कानानं झालं. पुढे १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. एका वर्गात अनेक मुलं, रोज ठरलेला धडा, घरी जाऊन सराव. अशा शाळेला लिपी लागणारच होती, म्हणून त्यांनी ती तयार केली. ज्याची नजर अधू होती आणि जो स्वतः कानानं शिकला, त्यानं इतरांच्या डोळ्यांसाठी चिन्हं बसवली, ही गोष्ट मला नेहमी हलवून जाते.

या दोन्ही थोर माणसांनी लिपी कशी वापरली ते पाहा. भातखंडे ऐकत आणि लिहीत. समोर कोणी गातो आहे, त्यातला कोमल-तीव्र ओळखायचा, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे पडते ते पकडायचं, ओझरता कणस्वर कुठला लागला ते टिपायचं, आणि मग कागदावर उतरवायचं. कानाकडून कागदाकडे, अशी ती वाट होती. आपली लेखी परीक्षा याच्या उलट्या वाटेनं जाते. मुलं गाईडमधली स्वरलिपी पाहतात, घोकतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. कानाचा त्यात कुठेही संबंध येत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला लेखीत उत्तम गुण मिळाले. भूप रागाची बंदिश तिनं खाली बिंदू, वर बिंदू, समेची फुली, कालाचं शून्य यांसह चोख लिहिली होती. मी तिला तीच बंदिश वहीत लिहायला सांगितली आणि अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "इथून गा." तिला गाता आलं नाही. पहिल्यापासून म्हणत आली तर यायचं, मधून वाचून येत नव्हतं. तिच्यासाठी ती चिन्हं म्हणजे पाढे होते. दोष तिचा नाही. तिला तसं शिकवणाऱ्या माझा आहे, आणि तसंच विचारणाऱ्या प्रश्नपत्रिकेचाही आहे. उत्तरपत्रिका एका माणसाकडे जाते, आवाज दुसऱ्या माणसापुढे लागतो, आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही.

आता लिपीत काय मावतं आणि काय मावत नाही, याकडे येतो. आपण सगळे जाणकार आहात, तरी प्रश्नपत्रिका काढताना हे विसरलं जातं असं मला दिसतं, म्हणून लिहितो.

भूप आणि देसकार. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर. कागदावर एकसारखी अक्षरं. पण भूप संध्याकाळी गंधारावर विसावतो आणि देसकार सकाळी धैवतावरून उभा राहतो. धैवत किती वेळ धरायचा, पंचमाला कसं शिवायचं, रिषभावरून किती हलक्या पावलानं जायचं, यात अख्खा राग बदलतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही तसंच. तिन्हींत कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. मारव्यात षड्ज लांबवत ठेवून रिषभ-धैवताची ती हुरहूर, पूरियात मंद्रात, खालच्या सप्तकात, उतरलेले गंधार-निषाद, सोहनीत वरच्या, तार षड्जाकडे घेतलेली धाव. हा फरक वाचून कोणाला कळला आहे? मला तरी नाही. मारवा आणि पूरिया वेगळे आहेत हे मला गुरुजींनी सलग काही महिने दोन्ही गाऊन दाखवल्यावर कळलं, आणि ज्या दिवशी कळलं तो दिवस आजही आठवतो.

दरबारीचा गंधार घ्या. भातखंडे पद्धतीत तो 'ग' आणि त्याच्याखाली आडवी रेघ. भीमपलासाचा गंधारही 'ग' आणि खाली तीच रेघ. बागेश्रीचाही तोच. दरबारीतला गंधार किती हळू झुलतो, मध्यमाकडून येताना किती खाली बसतो, हे त्या रेघेत कसं येणार? विलंबित एकतालाचं आवर्तन पुस्तकात बारा घरांत नीट मांडलेलं असतं. प्रत्यक्षात ते आवर्तन कधी कधी मिनिटभर चालतं, आणि त्या मिनिटात गायक काय करतो ते त्या बारा घरांच्या बाहेर असतं. लिपी हा सांगाडा आहे. सांगाडा जपून ठेवायलाच हवा, पण सांगाड्याची ओळख पटली म्हणजे माणूस भेटला असं होत नाही.

शिवाय लिप्या दोन आहेत, हेही मुलांना छळतं. स्वराच्या डोक्यावरचा बिंदू भातखंडे पद्धतीत तार सप्तकाचा आणि पलुस्कर पद्धतीत मंद्र सप्तकाचा. डोक्यावरची उभी रेघ एकीकडे मध्यम तीव्र करते, दुसरीकडे स्वर तार सप्तकात नेते. शिक्षक बदलला की मुलाला सगळं उलटं वाटायला लागतं. कान तयार असलेलं मूल दोन दिवसांत सावरतं. कान तयार नसलेलं मूल आयुष्यभर गोंधळतं.

आपल्या मराठीतच लिपीचा एक साधा, जुना प्रकार आहे आणि त्यावर मला जरा थांबायचं आहे. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तकं उघडा. प्रत्येक पदाच्या वर कंसात 'चाल' असं लिहून पुढे एखाद्या गाण्याचे दोन-तीन शब्द असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली रंगभूमीवर आणलेल्या 'शाकुंतला'च्या काळापासून ही रीत चालत आली. ती मूळ चाल कधी लावणीची, कधी साकी-दिंडीची, कधी कानडी पदाची, कधी एखाद्या हिंदुस्थानी चिजेची. स्वर नाहीत, मात्रा नाहीत, फक्त एक खूण. वाचणाऱ्याच्या गळ्यात ती मूळ चाल आहे यावर लेखकाचा पूर्ण विश्वास होता. गावोगावच्या हौशी मंडळींनी त्या खुणेवर अख्खी नाटकं उभी केली. त्यांना संगीत येत नव्हतं असं कोण म्हणेल?

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही मी लपवणार नाही. आज ती पुस्तकं हातात घेतली तर कितीतरी पदांवरच्या मूळ चाली मला ठाऊक नाहीत. ज्या पदांची चाल कोणाच्या गळ्यात राहिली ती जगली. बाकीच्यांचे शब्द तेवढे पानावर आहेत. त्या काळी कोणी चार ओळींची स्वरलिपी लिहून ठेवली असती तर आज आपण ती पदं निदान अडखळत तरी म्हटली असती. लिपी का हवी, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. ती हवी, कारण माणसं जातात.

आणि जिथे वाचता येणं खरोखरच अनिवार्य होतं, अशी जागाही आपल्याच किनाऱ्यावर आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेज (स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. पाच रेघांवरची पाश्चात्त्य लिपी ती मुलं अक्षरांबरोबरच वाचायला शिकत. त्यांतले अनेक जण पुढे पोटासाठी मुंबईला आले, आधी हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि मग चित्रपटांच्या स्टुडिओत. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावं. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, अरेंजर ती ऐकून कागदावर घ्यायचा, प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून काढायचा, आणि पन्नास-साठ वादक तो कागद समोर ठेवून त्याच दिवशी गाणं वाजवून मोकळे व्हायचे. वीस व्हायोलिनं एका सुरात, एका श्वासात उचलायची तर लिपीवाचून गत्यंतर नव्हतं. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला त्या खुर्चीवर काम मिळत नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

त्याच स्टुडिओत पलीकडे ढोलक, सारंगी, सतार घेऊन बसलेले लोक होते. त्यांतल्या बहुतेकांना त्या पाच रेघा वाचता येत नव्हत्या. ते चाल कानानं घेत, लागलं तर सरगम वहीत टिपून ठेवत. ज्याची चाल सगळे मिळून वाजवत होते त्या संगीतकारालाही अनेकदा ती लिपी येत नसे. त्या दालनात संगीतकार कोण होता आणि कोण नव्हता? मला वाटतं हा प्रश्न तिथे कोणाच्या मनातही आला नसेल. कामाला जे लागत होतं ते ज्याच्या त्याच्याकडे होतं.

तबल्याचं तर विचारूच नका. कायदा, रेला, चक्रदार अशा रचनांची ही सगळी संपत्ती तोंडातून तोंडात आली. आधी पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, मग हात. ज्याला बोल म्हणता येत नाही त्याच्या हाताला तो येत नाही, हे तबल्याच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. दिंडीतले टाळकरी झेला धरतात तेव्हा शंभर माणसांचे हात आणि पाय एका मात्रेवर पडतात, कोणाच्या हातात कागद नसतो. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी लावणी आणि अदा आईच्या आणि जाणत्यांच्या पुढ्यात बसून उचलली. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यानंतर पुट्टराज गवई या दोन अंध गुरूंनी पिढ्या घडवल्या. बसवराज राजगुरूंसारखा गायक पंचाक्षरीबुवांच्या हाताखाली तयार झाला. आपल्या प्रश्नपत्रिकेच्या मापानं मोजलं तर यांच्यातले कितीजण पहिल्या पायरीवर अडकले असते, याचा विचार मनात आला की मला लाज वाटते.

एवढं सगळं लिहिण्याचं कारण हे की मला आपल्याकडे काही मागायचं आहे.

सुरुवातीच्या परीक्षांत स्वरलिपीचे गुण ठेवू नका. दोन वर्षं मुलांना ऐकू द्या, म्हणू द्या, चुकू द्या. आई बाळाशी बोलते तेव्हा मुळाक्षरांचा तक्ता समोर नसतो. पुढे लिपी जरूर आणा, पण ती कानातून तपासा. परीक्षकानं मुलाला न शिकवलेल्या बंदिशीची एक ओळ दोन वेळा गावी आणि मुलानं ती लिहावी. नंतर न पाहिलेली एक ओळ त्याच्यापुढे ठेवावी आणि त्यानं ती गावी किंवा वाजवावी. दहा मिनिटांचं काम आहे. यानं दर्जा खालावेल असं कोणी म्हणेल, तर मी नम्रपणे सांगेन की आज लेखीत पैकीच्या पैकी मिळवणारी निम्मी मुलं या कसोटीला अडखळतील, आणि माझी मुलं त्यांत असतील. तरीही मला ही कसोटी हवी आहे.

ज्यांचं लिहिणं-वाचणं कमी आहे किंवा ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी लेखीऐवजी तोंडी परीक्षेचा पर्याय पूर्ण मानानं द्या. अंध मुलाला लेखनिक दिला तरी त्या लेखनिकाला स्वरलिपी यायला हवी, आणि ती येणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडत नाही. त्यापेक्षा त्याला विचारा की या बंदिशीची सम कुठल्या अक्षरावर आहे, मुखडा कितव्या मात्रेपासून उठतो, हा स्वर कोमल का शुद्ध, या दोन रागांत काय वेगळं आहे, गाऊन दाखव. उत्तर ध्वनिमुद्रित करून ठेवा. पारदर्शकता त्यातही राहते. प्रमाणपत्रावर 'तोंडी' असा वेगळा शिक्का मात्र मारू नका.

वरच्या परीक्षांसाठी माझी एक मनापासूनची इच्छा आहे. विशारदला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या गावातल्या कोणा वयस्क माणसाकडे जावं आणि एक चाल लिहून आणावी. जात्यावरची ओवी असेल, पाळणा असेल, गोंधळातलं पद असेल, काकड्याचा अभंग असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचे शब्द जमवले, त्यांतल्या काही बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. तरी चालींचा केवढा तरी भाग अजून फक्त म्हाताऱ्या गळ्यांत आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण हवंच, पण ध्वनिमुद्रण हे त्या दिवशीचं एक गाणं असतं. त्यात पक्कं काय आणि गाणाऱ्याची लहर कुठली, हे लिहायला बसल्यावर दिसू लागतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं स्वतःच्या आजीची एक ओवी अशी लिहिली. एका ओळीला तिला तीन संध्याकाळी लागल्या, कारण आजीचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्येच कुठेतरी लागत होता आणि त्याला चिन्ह नव्हतं. शेवटी तिनं त्या स्वरापुढे शब्दांत लिहिलं, 'आजीचा ग'. स्वरलिपी म्हणजे काय हे तिला त्या दिवशी जितकं कळलं तितकं माझ्या शिकवण्यातून कधी कळलं नव्हतं.

आता पुन्हा त्या सुतारकाम करणाऱ्या मुलाकडे येतो. गेले सहा महिने मी त्याला लिपी शिकवतो आहे. त्यानंच मागितली. वर्षानुवर्षं मंडळात म्हटली जाणारी एक चाल बुवांच्या मागे कोणाला येत नाही आणि बुवा ७८ वर्षांचे आहेत, म्हणून. तो आधी पेटीवर ओळ वाजवतो, मग पेन्सिल उचलतो. अक्षर वाकडं आहे, मात्रांची घरं सुतारी पट्टीनं आखलेली आहेत, स्वर बिनचूक आहेत. लेखीचा कागद तीन तासांत सोडवण्याइतका वेग त्याला अजून आलेला नाही, आणि पुढच्या सत्राचा अर्ज भरायची वेळ जवळ आली आहे.

अर्ज भरू की थांबू, हे मी आपल्या उत्तरावर ठेवलं आहे. आपल्यापैकी कोणाला शक्य असेल तर एखाद्या एकादशीला आमच्या विठ्ठलमंदिरात यावं. भजन रात्री नऊला सुरू होतं, मुक्कामाची सोय माझ्या घरी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पेटीशिक्षक